धूर कुठनं गळतोय? इंजिनाच्या मॅनिफोल्डचा आणि पॅकिंगचा इतिहास



थंडी पडली की जुन्या जीपा आणि ट्रॅक्टर सकाळी सुरू करताना एक आवाज ऐकू येतोय. टिक-टिक-टिक-टिक. इंजिन तापलं की पाच-दहा मिनिटांत तो आपोआप कमी होतोय आणि माणूस विसरून जातोय. बरेच जण म्हणतात टॅपेट वाजतायत. टॅपेट लावून घेतात, पैसे जातात, आवाज तसाच. पुष्कळ वेळा तो आवाज मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा असतोय. सिलेंडरमधनं जळून बाहेर पडणारा धूर ज्या बीडाच्या नळ्यातनं सायलेन्सरकडं जातो तो मॅनिफोल्ड. तो आणि हेड यांच्यामधली फट म्हणजे ही गळती.

दोन-तीन जणांनी या दुरुस्तीचं विचारलं म्हणून लिहायला बसलो. पण नुसती दुरुस्ती सांगण्यापेक्षा ही गळती आपल्या शिवारात कधी आली ते आधी सांगतो. हाच धूर उघड्या रानात नुसता आवाज करतोय आणि विहिरीत माणूस मारतोय. जुन्या लोकांना हे माहीत होतं, मधल्या पिढीला अर्धंमुर्धं माहीत आहे, आणि आता सबमर्सिबलच्या जमान्यात नव्या पोरांना अजिबात माहीत नाही.

मोट होती तोवर धुराचा प्रश्नच नव्हता. इंजिन आलं तेव्हा धूर आला. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग गावात नीट चाललं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या जातीचं एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आज भुईमूग तेलाचा भाव बघितला तर तसं इंजिन चालवणारा शेतकरी दिवाळखोरच निघायचा, पण ते असू द्या.

आपल्याकडं लोखंडाच्या कामाची सुरुवात नांगरानं झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर पहिल्यांदा कुणी घेत नव्हतं. लोखंडानं जमीन विषारी होते असं लोकांना वाटायचं. साताऱ्याला कूपर यांचा कारखाना, तिथंही नांगरापासून सुरुवात होऊन पुढं डिझेल इंजिनं झाली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी उभी राहिली आणि मग विहिरीवर इंजिन ही गोष्ट हळूहळू मोठ्या बागायतदारापुरती राहिली नाही. दुसऱ्या बाजूनं इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीची इंजिनं राजकोटला बनायला लागली. दोन मोठी चाकं, मिनिटाला साडेसहाशे फेरे, आवाज गावभर. आवाजावरनं कुणाच्या मळ्यात पाणी चालू आहे ते घरात बसून कळायचं.

या एका सिलेंडरच्या इंजिनाला मॅनिफोल्ड असा वेगळा नसतोच. एक तोंड, एक वाकडा नळा, पुढं सायलेन्सर. सांधा एकच. तो गळला तर डोळ्यांनी दिसायचा, हेडवर काळा पट्टा उठायचा. ॲस्बेस्टॉसच्या पुठ्ठ्याची पॅकिंग कापायची, दोन नट आवळायचे, काम संपलं.

पण खरा घोळ विहिरीत होता. कुठलाही पंप पाणी वर ‘ओढतो’ म्हणतात, तसं तो ओढत नाही. बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त साधारण दहा मीटर पाणी उचलतो, आणि पंपाची झीज, नळीतलं घर्षण वगैरे धरलं तर कामाचे सहा-सात मीटरच. म्हणजे पाणी वीस-बावीस फुटांच्या खाली गेलं की काठावरचं इंजिन उपयोगाचं नाही. मग विहिरीच्या अंगाला खोदून कट्टा करायचा आणि इंजिन खाली उतरवायचं. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही, पाणी जसं खाली गेलं तशा विहिरी खोल झाल्या आणि इंजिनं पाण्यामागं खाली गेली. आमचे थोरले चुलते सांगायचे, दोरावर इंजिन उतरवणं हे बैल धरण्यापेक्षा अवघड काम.

खाली इंजिन लावलं की धुराचा नळा वरपर्यंत न्यायचा हा नियम होता. तीस-चाळीस फूट नळा म्हणजे चार-पाच सांधे. त्यातला इंजिनाजवळचा सांधा सगळ्यात जास्त तापतो, हादरतो आणि गळतो. वरच्या माणसाला नळ्याच्या तोंडातनं धूर येताना दिसतोय, म्हणजे सगळं ठीक आहे असं त्याला वाटतं. खाली कट्ट्याजवळ निम्मा धूर कोंडत असतो.

या धुरातला मारणारा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरतात, घशाला लागतं ते धुरातल्या दुसऱ्या वायूंमुळं. आपल्या रक्तातला जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपट जास्त ओढीनं चिकटतो. १८५७ च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी हे रक्तातलं गणित मांडलं. पुढं इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं कोळशाच्या खाणीतल्या मेलेल्या कामगारांचा अभ्यास केला आणि १८९६ मध्ये दाखवून दिलं की स्फोटानंतर बहुतेक माणसं भाजून किंवा मार लागून मरत नाहीत, या वायूनं मरतात. खाणीत उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्यायची सूचना त्यांचीच. लहान जीव भराभर श्वास घेतो म्हणून तो आधी पडतो आणि माणसाला बाहेर पळायला वेळ मिळतो.

आपल्याकडं विहिरीत उतरताना कंदील सोडून बघायची पद्धत होती. कंदील विझला तर उतरायचं नाही. ही पद्धत चांगली, पण तिनं फक्त प्राणवायू कमी आहे का एवढंच कळतं. मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील मजेत जळतो. हे कृषी खात्यातल्या मंडळींनी गावात मुद्दाम सांगायला पाहिजे.

डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानानं हा वायू पुष्कळ कमी सोडतं, हे खरं. पण कोंडलेल्या विहिरीत तेच इंजिन तिथलाच प्राणवायू खातं आणि तिथंच धूर सोडतं. नोझल खराब असलं, हवेची जाळी तुंबली असली की प्रमाण अजून वाढतं. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे छोटे पंप आले, ते हलके म्हणून एकटा माणूस खांद्यावर टाकून विहिरीत उतरायला लागला. ते तर जास्तच वाईट. पेपरात दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं बातमी असते. एक जण इंजिन बघायला उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. एकाच घरातले. खाली कुणी पडलेला दिसला तर आधी इंजिन बंद, आणि दोर बांधल्याशिवाय, वर दोन माणसं असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही. लगेच अग्निशमनवाल्यांना फोन. जीव तुटतो हे कळतंय, पण दुसरा उतरला की दोन जातात.

आता चार सिलेंडरकडं येऊ. कारण मॅनिफोल्ड खरा तिथनं सुरू होतो.

विलीस जीप १९४१ ची, लढाईसाठी केलेली. लढाई संपल्यावर महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पेट्रोल इंजिन, चार सिलेंडर, आत जाणारा आणि बाहेर येणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाला एक जोडलेले. धुराच्या उष्णतेनं आत जाणारं पेट्रोल गरम व्हावं म्हणून तसं केलेलं. थंड मुलखात ठीक, आपल्याकडच्या उन्हात त्या जोडाला तडे जायचे. तेव्हा जीप म्हणजे प्रांत, फौजदार आणि पुढं साखर कारखान्याचे चेअरमन. पेट्रोल पिणारी गाडी शेतकऱ्याच्या दारात टिकणार नव्हती.

शेतकऱ्याच्या दारात मॅनिफोल्ड आला तो ट्रॅक्टरबरोबर. १९६३ मध्ये महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली आणि बी-२७५ आला. आमच्या भागात त्याला नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हणतात. चार सिलेंडर, पस्तीस एचपी, आणि बाजूला बीडाचा लांबडा मॅनिफोल्ड. पुढं सत्तरच्या दशकात हेच इंजिन थोडा फरक करून जीपला बसवलं. डिझेलची जीप खेड्यात पसरली ती अशी. नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीचं इंजिन आलं. आमच्या गावातल्या फिटरला ट्रॅक्टर येत होता म्हणून जीप आली, एवढं साधं आहे ते.

आता जीप आणि ट्रॅक्टर यांत एक फरक बघा. ट्रॅक्टरचं धुराडं वर, डोक्यावर छत असलं तरी चारी बाजू मोकळ्या. मॅनिफोल्ड गळला तरी धूर वाऱ्यावर जातो. भीती असते ती आगीची. काडाच्या, पाचटाच्या धूळभरल्या ढिगाजवळ गळक्या सांध्यातनं ठिणगी उडू शकते, आणि ती झळ जवळच्या डिझेलच्या नळीला लागते. जीपचं उलट. मूळची जीप ताडपत्रीची होती. पुढं वडापसाठी लोकांनी बंद बॉडी बांधल्या, मागं समोरासमोर बाकडी, दहा-पंधरा माणसं. पायाखालच्या पत्र्याला भोकं, गिअरच्या रबराची पिशवी फाटलेली, मागचा सायलेन्सरचा नळा गंजून मध्येच तुटलेला. पुढं इंजिनातली गळती, मागं दरवाजातनं आत येणारा धूर. बाया म्हणायच्या ‘गाडी लागते’. उलट्या व्हायच्या, डोकं धरायचं. घाटात वळणानं होतं म्हणायचे. सगळंच वळणानं होत नव्हतं. बंद गाडीत सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर काचा उघडा, गाडी थांबवा, खाली उतरा.

पॅकिंगचा इतिहास अजून बाकी आहे. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वाफेच्या इंजिनाच्या काळात बीडाचे सांधे बुजवायला फिटर लोक लोखंडाचा कीस, नवसागर आणि थोडा गंधक पाण्यात कालवून भरायचे. नवसागरानं लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की फट बंद. गंजाचाच उपयोग! कल्हईवाल्यामुळं नवसागर आपल्याकडं गावोगाव मिळायचा. आज बाजारात सायलेन्सरला लावायचं जे पांढरं-करडं लुकण मिळतं, त्यातलं बरंचसं सोडियम सिलिकेट आणि माती-खनिजाची पूड यांचं असतं. ते नळ्याच्या बारीक भोकाला चालतं. हेड आणि मॅनिफोल्डच्या मधल्या सांध्याला चालत नाही, कारण तिथं दोन्ही बाजू हलत असतात. एम-सीलचं तर नावच काढू नका, त्या उष्णतेला ते जळून पडतं.

मग आलं ॲस्बेस्टॉस. न जळणारं, कापायला सोपं, स्वस्त. फिटर काय करायचा? पुठ्ठा मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवायचा, गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकायचं, आपोआप आकार कापला जायचा. काम बघायला झकास. पण त्या ठोकण्यात आणि जुनी पॅकिंग तारेच्या ब्रशनं खरवडण्यात जी धूळ उडते तिच्यातले तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी रोग निघतो, कॅन्सरसुद्धा. ब्रिटननं १९९९ मध्ये बंदी घातली, युरोपनं २००५ पर्यंत. आपल्या सुप्रीम कोर्टानं जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या बाजूनं मोठा निकाल दिला, कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. पण तो निकाल कारखान्यातल्या कामगारांसाठी. एस.टी. स्टँडमागच्या टपरीत बसलेल्या फिटरला कोण सांगणार? आजही जुन्या गाडीतनं निघणारी पॅकिंग ॲस्बेस्टॉसची असू शकते. तशी समजूनच काम करा: आधी पाणी फवारून भिजवा, ओलीच खरवडा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, निघालेला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, पोरांना लांब ठेवा. नवीन घेताना ग्रॅफाइटची, मध्ये पोलादी पत्रा असलेली पॅकिंग मागा. बरीच वर्षं टिकते आणि जिवाला घोर नाही.

आता घरी दुरुस्ती कशी करायची ते.

गळती का होते ते समजलं तर निम्मं काम झालं. मॅनिफोल्ड समजा दीड-पावणेदोन फूट लांब. लोडवर तो चारशे डिग्रीनं तापला तर लांबीत दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. हेडला मात्र पाणी फिरतंय, ते शंभरच्या आतच राहतं, त्याची वाढ अगदी कमी. म्हणजे रोज दोन तुकडे एकमेकांवर घासून पुढं-मागं सरकतात. सगळ्यात जास्त सरकतात टोकाला. म्हणून स्टड तुटतो तो बहुतेक टोकाचाच. त्यातच सायलेन्सरला धरणारी पट्टी तुटलेली असेल तर सगळ्या नळ्याचं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळतं. इंजिनाचं फाउंडेशन रबर बसलं असेल तरी तेच. आधी पट्टी आणि रबर बघा. ते न बघता पॅकिंग बदलली तर सहा महिन्यांनी पुन्हा तेच काम.

गळती शोधायची सकाळी, थंड इंजिनावर. कुणीतरी सुरू करायला बसवा, गाडी उघड्यावर असू द्या, गोठ्यात किंवा शेडात नको. काजळीचा काळा पट्टा बघा. दिसला नाही तर एकानं मागं ओलं फडकं दोन-तीन सेकंद नळ्याच्या तोंडावर धरावं. दाब वाढला की टिक-टिक मोठी होते आणि जागा कळते.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल टाकून ठेवा. सोडताना पाव आटा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. पाण्याला नळी जोडून जोर लावला की स्टड तुटलाच. तुटलेला स्टड बाहेर डोकावत असेल तर त्याच्यावर नट ठेवून वेल्डिंग मारायचं. उष्णतेनं गंज सुटतो आणि नट धरून फिरवता येतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, डिझेलची गळती पुसून घ्या. स्टड हेडच्या आत तुटला असेल तर तालुक्याच्या टर्नरकडं जा. घरी ड्रिल वाकडं गेलं तर हेड जातं.

मॅनिफोल्ड निघाला की साफ करून जाड काचेवर पालथा ठेवा. डुगडुगला किंवा खालनं फिलर गेजचं पान गेलं तर तो वाकलाय. थोडं असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर आठाच्या आकड्यासारखा घासा, जास्त असेल तर मशीनवर तोंड मारून घ्या. तडा असेल तर बीडाचं वेल्डिंग जाणकाराकडनंच, आधी तापवून आणि नंतर राखेत हळूहळू थंड करून. माझं मत विचाराल तर तडा गेलेला मॅनिफोल्ड बदलावा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमुळं आपल्याकडं बीडाचा माल मिळायला अवघड नाही.

बसवताना पॅकिंग कोरडी, गोंद-शेलॅक काही नाही. सगळे नट बोटानं लावा, मग मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडं जायचं, तीन फेऱ्यांत. एका दमात एक नट आवळला की मॅनिफोल्ड तिरका बसतो. टोकाचे नट बेताचे आवळा, त्याला सरकायला जागा पाहिजे. जुन्या इंग्रजी इंजिनांना इथं पितळेचे नट असायचे, ते गंजून धरत नाहीत आणि स्टड तुटायची पाळी येत नाही. आजकाल लोखंडी नट मारतात कारण स्वस्त. दहा-वीस रुपयांचा फरक. मग इंजिन तापवून, पूर्ण गार करून एकदा पाना लावून बघा.

हे सगळं साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला लागू. टर्बो असेल तर त्याच्या आधीची गळती म्हणजे टर्बोचीच हवा जाते. गाडी चढ ओढत नाही, काळा धूर मारते, डिझेल खाते. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांना धुराच्या वाटेत सेन्सर आणि जाळ्या आहेत. तिथं घरी हात घालू नका. मोठ्या ट्रॅक्टरांनाही २०२३ पासून तसेच नियम लागलेत, पन्नास एचपीच्या वरच्यांना.

विहिरीत इंजिन असणारे आता थोडेच उरलेत, पण उन्हाळ्यात मोटर जळली की लोक कोपऱ्यातलं जुनं इंजिन बाहेर काढतात आणि घाईत खाली उतरवतात. उतरवायच्या आधी काठावरच सुरू करून सगळे सांधे बघून घ्या. आणि कुणाच्या अडगळीत त्या जुन्या पितळी नटांचा डबा असेल तर भंगारात घालू नका, मला कळवा. पाच-सहा लागतायत, पाव इंची आट्याचे नकोत, जरा मोठे.